उंदरांच्या मुलुखाच्या सीमा

कोणत्याही प्राणिजातीचा मुलूख म्हणजे ती जात जिथे जगते, वीण करते आणि पिढ्यानपिढ्या टिकून राहते तेवढा भूभाग. मोठ्या प्राण्यांचे मुलूख डोंगररांगा, जंगले आणि वस्त्या पाहून ढोबळमानाने सांगता येतात. उंदरांच्या बाबतीत ते पुरत नाही. दहा ग्रॅम वजनाच्या शेतउंदराचे सारे आयुष्य काही गुंठ्यांत आणि फार तर वर्षा-दोन वर्षांत संपते. त्याच्या दृष्टीने एक बांध, एक ओढा किंवा मुरूम संपून काळी माती सुरू होते ती रेघ हीच सरहद्द असते. शिवाय उंदरांच्या जवळच्या नात्यातल्या जाती दिसायला इतक्या सारख्या असतात, की दोन वेगळे मुलूख एकच समजले जाण्याचा धोका कायम राहतो. एकाच कुळातली एक जात अर्ध्या खंडावर पसरते आणि तिची बहीण एखाद्या गडाच्या माथ्यापुरती उरते, असे का होते, हा प्रश्न त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातील तेरखेड्याच्या भूगोलात या प्रश्नाचे बरेचसे घटक एकत्र आलेले दिसतात. गाव बालाघाटाच्या पठारावर, सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावर आहे. फटाक्यांच्या उद्योगामुळे ते राज्यभर ठाऊक आहे आणि तेरणा नदीचा उगमही याच परिसरातला. नदीच्या उगमाकडचा मुलूख असल्याने जमिनीचा पोत थोड्या अंतरावर बदलत जातो. माथ्यावर मुरमाड माळरान, उतारावर हलकी जमीन, ओढ्याकाठी भारी काळी. खाली बेसाल्टचा खडक तोच, वर पडणारा पाऊसही तोच. तरीही बिळात राहणाऱ्या प्राण्याला या तीन जमिनी म्हणजे तीन वेगळे देश आहेत. हवामानाच्या नकाशावर जी सीमा दिसत नाही ती फावड्याने उकरल्यावर दिसते.

काळ्या मातीची गोष्ट सर्वांत रोचक आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात, पहिल्या चांगल्या पावसात त्या मिटतात. दख्खनमधला मऊ केसांचा शेतउंदीर, शास्त्रीय नावाने मिलार्डिया मेल्टाडा, हा या भेगांचा रहिवासी. तो स्वतः बीळ खोदण्यात फारसा तरबेज नाही. झुडपाच्या मुळाशी उथळ पोकळी, बांधावर रचलेल्या दगडांची रास, घुशीने सोडून दिलेले बीळ, नाहीतर जमिनीची भेग, यांपैकी जे मिळेल ते तो वापरतो. वॉल्टर एलियट हा ब्रिटिश अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखात नोकरीला होता. तिथल्या सस्तन प्राण्यांची त्याने केलेली यादी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. पावसाळ्याच्या तोंडाला भेगा बुजतात तेव्हा हे उंदीर दरवर्षी मोठ्या संख्येने गाडले जातात, अशी नोंद तीत आहे. १८२६ साली सुरुवातीचा पाऊस ओढ देऊन गेला. भेगा वेळेवर मिटल्या नाहीत आणि उंदरांची संख्या बेसुमार वाढली. पेरलेले बी त्यांनी मातीतून उचलून खाल्ले. पुढे पीक तयार होत आले तेव्हा ज्वारीच्या ताटावर चढून कणसेच कुरतडून खाली पाडली. शेतकऱ्यांनी वडार लोकांना धान्याच्या मोबदल्यात उंदीर मारायला लावले, हजारो मारले गेले, पण फरक दिसला नाही. कित्येकांना सारा भरता आला नाही.

एलियटची ही नोंद जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही मुद्दाम वाचावी अशी आहे, कारण मुलुखाच्या अभ्यासातली एक मूलभूत गोष्ट तीत आहे. एखादी जात एखाद्या ठिकाणी टिकते ती सरासरी पावसाच्या आकड्यावर नव्हे. पाऊस केव्हा आणि कसा येतो, आणि त्या वेळी जमीन कशी वागते, यावर ते ठरते. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर, १८७८-७९ च्या हंगामात, दख्खनच्या पठारावर उंदरांनी पुन्हा पिके उद्ध्वस्त केली. त्या वेळी या शेतउंदराच्या जोडीला जर्बिल हे माळरानातले उंदीरही होते.

माळावरचा मुरूम या उंदराच्या फारसा कामाचा नाही. तिथे त्याचा दुसरा नातलग सापडतो. तपकिरी काटेरी उंदीर, म्हणजे मस प्लॅटिथ्रिक्स, या जातीचे वर्णन १८३२ मध्ये दख्खनमधूनच आलेल्या नमुन्यांवरून झाले. ते नमुने कर्नल साइक्स यांनी गोळा केले होते. पाठीवरचे केस चपटे आणि राठ, म्हणून काटेरी हे नाव. एलियटने त्याचे बीळ उघडून पाहिले. तांबड्या खडेदार जमिनीत, बहुधा चढाच्या कडेला, बेताच्या खोलीचे बीळ असते. आत असताना उंदीर तोंडाशी बारीक खडे रचून ते बंद करतो, आणि बाहेर पडलेल्या खड्यांच्या ढिगावरून त्याचे घर ओळखू येते. आतल्या खोलीतही खड्यांचाच थर, त्यावर तो बसतो. पोटाखालची दाट लव त्याला गारठा आणि टोचणी यांपासून वाचवते. ज्या प्राण्याचे घर बारीक खड्यांवाचून पुरे होत नाही, तो भारी काळ्या रानात वस्ती करणार नाही. त्याच्या मुलुखाची सीमा मुरूम संपतो तिथे येते आणि पुढच्या माळावर पुन्हा सुरू होते. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात या जातीचा मुलूख भारतीय द्वीपकल्पावर सलग रंगवलेला असतो. प्रत्यक्षात तो ठिगळांचा आहे, आणि लहान कृंतकांच्या, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, बहुतेक मुलुखांचे तसेच असते.

जमिनीनंतर शेजारी. दोन जवळच्या जाती एकाच प्रकारच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगू लागल्या, तर एकीला मागे सरावे लागते किंवा दोघींना वेळ, जागा, आहार यांत वाटणी करावी लागते. घरातल्या उंदराचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मस मस्क्युलस ही जात भारतीय उपखंडात बहुतांशी घरे, गोदामे आणि वाडे यांच्या आधाराने राहते. हीच जात माणसाबरोबर जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली आणि तिथल्या गव्हाच्या शेतांत इतकी माजली, की उंदरांच्या लाटा हे तिथल्या शेतीचे नेहमीचे संकट होऊन बसले. भारतातली शेते तिला वर्ज्य का, याचे एक कारण म्हणजे ती आधीच भरलेली आहेत. इथल्या बांधांत मस बुडुगा हा छोटा शेतउंदीर आणि मस टेरिकलर हा त्याचा जुळ्यासारखा दिसणारा भाऊ, अशा मसच्याच देशी जाती शेतीच्या जन्मापासून, किंबहुना तिच्याही आधीपासून, ठाण मांडून आहेत. ऑस्ट्रेलियात स्थानिक कृंतक असले तरी मस कुळातले कोणीच नव्हते.

या दोन शेतउंदरांना वेगळे ओळखणे सोपे नाही. दोघांची शरीरे बोटाएवढी, पाठ तपकिरी, पोट पांढरट. दोघांतही ४० गुणसूत्रे. फरक आहे तो लिंगगुणसूत्रांच्या ठेवणीत, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी या गटावर दीर्घकाळ काम केले आणि मस टेरिकलरच्या आतही गुणसूत्रांचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या प्रदेशांत आहेत हे दाखवले. जुन्या संग्रहालयांतल्या पेट्यांत या दोघांची सरमिसळ झालेली असल्यामुळे जुन्या नोंदींवरून काढलेला मुलूख जपूनच वापरावा लागतो. काटेरी उंदराची गुणसूत्रे मात्र २६. तिथे घोटाळ्याला जागा नाही.

मस कुळाचा इतिहास दूर जातो. हिमालयाच्या पायथ्याशी, आज पाकिस्तानात असलेल्या पोटवार पठारावरच्या शिवालिक खडकांत सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वीच्या अँटिमस या आद्य उंदरापासून सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीच्या मस ऑक्टरपर्यंत दातांचे जीवाश्म थर लावल्यासारखे सापडतात. तिथून पुढे या कुळाच्या चार शाखा झाल्या. एक आफ्रिकेत गेली. उरलेल्या तिन्ही आशियात असून त्यांचे मुलूख शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर नकाशा बोलू लागतो. काटेरी शाखेचे सदस्य भारतीय द्वीपकल्प, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापासून आग्नेय आशियापर्यंतच्या कोरड्या-उघड्या भागांत आहेत. दुसरी शाखा नेमकी उलट: तिच्या जाती श्रीलंका, पूर्व हिमालय, सुमात्रा आणि जावा येथल्या ओल्या अरण्यांत एकेकट्या अडकून पडल्या आहेत. श्रीलंकेतल्या जातीचे जवळचे नातेवाईक दख्खनच्या माळावर नाहीत, ते पूर्व हिमालयात आणि सुमात्रा-जावाच्या डोंगरांत आहेत. मधला हजारो किलोमीटरचा प्रदेश कधी काळी दमट जंगलाने जोडलेला असल्याशिवाय असे विखुरलेपण समजत नाही. हवा कोरडी पडत गेली, जंगल डोंगरमाथ्यांवर चढले आणि त्याच्याबरोबर उंदीरही. मुलूख आक्रसला, तो उंदरांनी जागा सोडली म्हणून नव्हे. जागाच त्यांच्या पायाखालून सरकली.

याचे दुसरे टोक झुडपी उंदरात, गोलुंडा एलिओटीमध्ये दिसते. एलियटचेच नाव असलेला हा राठ केसांचा उंदीर आज इराणच्या आग्नेय टोकापासून श्रीलंकेपर्यंत आढळतो आणि गोलुंडा वंशाची जिवंत असलेली ही एकमेव जात आहे. या वंशाचे जीवाश्म मात्र इथिओपियात मिळाले आहेत. आज निव्वळ दक्षिण आशियाई वाटणारा मुलूख एकेकाळी आफ्रिकेपर्यंत होता. सध्याच्या सीमा पाहून एखादी जात अमुक हवामानाचीच असा निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, हे यावरून कळते.

मिलार्डिया हे कुळ लहान, पण सह्याद्री आणि दख्खनच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद. नाव ओल्डफील्ड थॉमस यांनी १९११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यावरून ठेवले. त्याच वर्षी सोसायटीने भारतातल्या सस्तन प्राण्यांची पद्धतशीर पाहणी सुरू केली. तिचा पहिला अहवाल खानदेशचा होता. ही पाहणी १९२३ पर्यंत चालली आणि उंदीर-घुशींच्या मुलुखांबद्दलचे आजचे बरेचसे ज्ञान तिच्या सापळ्यांतून आलेले आहे. मिलार्डियाच्या एकूण चार जाती. वाळूच्या रंगाची एक सिंध, कच्छ आणि राजस्थानच्या रुक्ष पट्ट्यात. दुसरी मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या खोऱ्यात. तिसरी म्हणजे भेगांत राहणारा शेतउंदीर, ज्याचा मुलूख पाकिस्तान आणि नेपाळपासून श्रीलंकेपर्यंत. चौथी पुणे जिल्ह्यातल्या सिंहगडाच्या माथ्यावर.

कुळाची पसंती उघड्या, कोरड्या जमिनीला. ब्रह्मदेशातली जात आणि भारतातल्या जाती यांच्यामध्ये बंगाल आणि आराकानचा अतिपावसाचा पट्टा आहे, जो तिला आज ओलांडता येणार नाही. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, मान्सून दुबळा होता आणि गवताळ रान आजच्याहून विस्तीर्ण होते. अशाच एखाद्या जुन्या कोरड्या काळात हा रस्ता खुला झाला असावा आणि पाऊस परतल्यावर बंद झाला असावा, हा तर्क पटण्यासारखा आहे. मस कुळातल्या ओल्या जंगलाच्या शाखेच्या कथेची ही आरशातली बाजू: पाऊस वाढला की एका कुळाचे पूल बांधले जातात आणि दुसऱ्याचे तुटतात.

सिंहगडाच्या जातीचे वर्णन ए. सी. मिश्रा आणि व्ही. धांडा यांनी १९७५ मध्ये केले आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला मिलार्डिया कोंडाणा म्हटले. हे दोघेही पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राशी संबंधित होते. विषाणूंचे वाहक शोधताना नव्या उंदराचा शोध लागावा, हे आश्चर्याचे नाही. उंदरांसाठी सातत्याने सापळे लावणारे लोक मुळात थोडेच असतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवरचे गवत आणि खुरटी झुडपे हे या उंदराचे घर. नंतर तोरणा आणि रायगड येथूनही नोंदी झाल्या, त्यामुळे एका गडाचा मुलूख तीन गडांचा झाला, पण तरीही तो अतिशय छोटाच आहे. पायथ्याशी शेतउंदीर पसरलेला, माथ्यावर त्याचा आकाराने मोठा भाऊ. मधले चढ-उतार काही तासांत चालून जाण्याजोगे असूनही कोंडाण्याचा उंदीर खाली उतरून पुण्याच्या शेतांत पसरला नाही. जागतिक पातळीवर ही जात संकटग्रस्त मानली जाते. गडांवर वाढलेली वर्दळ आणि गवताळ माथ्यांची हानी हे तिच्यापुढचे उघड धोके आहेत. हवा तापत गेली तर तिला वर सरकायला वर काहीच उरलेले नाही, ही त्याहून गंभीर गोष्ट.

सह्याद्रीतच याला समांतर असा आणखी एक जोड आहे. साताऱ्याच्या घाटमाथ्यावरून १९१८ मध्ये वर्णन झालेला रॅटस सतारे हा उंच झाडांवर राहणारा उंदीर अनेक दशके काळ्या उंदराची, म्हणजे रॅटस रॅटसची, उपजात समजला जात होता. २०११ मध्ये जनुकीय पुराव्यावरून तो स्वतंत्र जात ठरला. साताऱ्याचा उंदीर पश्चिम घाटाच्या जंगलांत राहिला. काळा उंदीर, ज्याचे मूळ भारतीय द्वीपकल्पातच असल्याचे जनुकीय अभ्यास दाखवतात, जगातल्या बहुतेक बंदरांत पोचला. शरीरयष्टीत दोघांत फार अंतर नाही. एकाने माणसाचे छप्पर पत्करले, दुसऱ्याने नाही. दोघांच्या मुलुखांतली एवढी तफावत मुख्यतः यातून आली.

माणसाने नेल्यावर काय होते, हे खारींनी दाखवले आहे. उत्तरेकडची पाच पट्ट्यांची खार आणि दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची खार यांचे मुलूख महाराष्ट्रात एकमेकांवर येतात. पाच पट्ट्यांच्या खारी १८९८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर पडल्या आणि तिथे कायमच्या वसल्या. त्या हवेत त्या जगू शकतात हे स्पष्ट आहे. त्या आधी तिथे नव्हत्या, कारण मध्ये हिंदी महासागर होता. मुलुखाची सीमा दरवेळी सहनशक्तीची सीमा नसते, पुष्कळदा ती केवळ पोचण्याची सीमा असते. तेरखेड्याहून फार दूर नसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे वर्णन आहे. धान्य आणि कापडाच्या गाठोड्यांबरोबर घरउंदरांचे दळणवळण अशाच वाटांनी होत आले.

शेतीतला बदल मुलूख आजही हलवत आहे, आणि धाराशिव जिल्ह्यात त्याची दिशा ओळखू येते. लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, ही ओलसर, भुसभुशीत जमिनीत खोल बिळे करणारी आणि धान्याचे साठे करणारी जात. कोरडवाहू ज्वारीच्या पट्ट्यात तिला पावसाळा संपल्यावर दिवस कठीण जातात. विहिरी, ठिबक आणि ढोकीसारख्या ठिकाणच्या साखर कारखान्यांमागोमाग ऊस आला की वर्षभर ओल आणि आडोसा मिळतो, घूस पसरते. त्याच रानात उन्हाळ्यात भेगाच पडत नाहीत, म्हणून भेगांवर विसंबणाऱ्या शेतउंदराचे बस्तान विस्कटते. शहरातही घुशीने असाच शिरकाव केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्लेगच्या साथींत, मुंबईत काळा उंदीर आणि गटारातला तपकिरी उंदीर यांचेच राज्य होते. शतकाच्या उत्तरार्धात गोदामांत लहान घूस वरचढ झाली.

सीमा सरकल्या की त्यांच्याबरोबर रोगही सरकतात. माळरानातला लांब शेपटीचा जर्बिल थोड्या पाण्यावर भागवतो, कारण त्याची मूत्रपिंडे मूत्र अतिशय दाट करून पाणी राखतात. त्यामुळे तो अशा जागी राहू शकतो जिथे काळा उंदीर टिकणार नाही. दक्षिण भारतात प्लेगचे जंतू रानात टिकवून धरणारा प्राणी म्हणून तो ओळखला जातो, पण माळ आणि घर यांच्यात अंतर असेपर्यंत त्याचा माणसाशी फारसा संबंध येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हाहाकार केला. त्यानंतर आजूबाजूच्या भागातही लोक भीतीने पक्क्या घरांबाहेर, तात्पुरत्या निवाऱ्यांत राहू लागले. धान्य मागे घरांतच राहिले. पुढच्या वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. त्याआधी तिथे पिसवांचा उपद्रव आणि उंदीर मरून पडणे सुरू झाले होते. सुन्या घरांतल्या धान्यावर उंदरांची संख्या वाढली आणि रानातल्या व घरातल्या कृंतकांमधले अंतर मिटले, असे तपासणाऱ्यांनी मांडले. एरवी वेगळ्या राहणाऱ्या दोन जातींच्या मुलुखांच्या कडा एकमेकींना लागल्या, की एकीच्या अंगावरच्या पिसवा दुसरीच्या अंगावर जायला वेळ लागत नाही. प्लेगच्या पाहणीत घरातल्या उंदरांइतकेच गावालगतच्या माळावरचे जर्बिलही पकडून तपासले जातात ते याच कारणाने.